शेष राहिलेली रेषा : विजयदुर्गचे ग्रहण आणि द्वि-अंतराल अतिसंवाहकांचा इतिहास

१. आख्यायिका

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यात, वाघोटन खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग हा किल्ला उभा आहे. आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे म्हणून त्याचे नाव गाजले; इंग्रजी कागदांत तो घेरिया या नावाने आढळतो आणि १७५६ साली तो आंग्र्यांच्या हातून गेला, हा वृत्तांत सर्वश्रुत आहे. किल्ल्यावर येणाऱ्या पाहुण्यास बुरूज व तटबंदी दाखवून झाल्यावर गावकरी आणखी एक स्थळ आवर्जून दाखवितात. ते म्हणजे ‘साहेबाचे ओटे’. या ओट्यांवर दुर्बिणी मांडून लॉकियर नावाच्या साहेबाने १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियम या मूलद्रव्याचा शोध लावला, असे सांगण्यात येते. गेल्या काही वर्षांत या तारखेस विजयदुर्गावर हेलियम दिनही साजरा होऊ लागला आहे.

ही आख्यायिका जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. तथापि ती टाकून देण्याजोगीही नाही. तिच्यात दोन खऱ्या घटना एकमेकींत मिसळल्या आहेत. त्या निरनिराळ्या केल्या म्हणजे विजयदुर्गच्या वाट्याचे श्रेय किती व कोणते हे कळते. शिवाय हेलियमपासून निघालेला धागा मुंबईच्या कुलाब्यापर्यंत, दोन ऊर्जा-अंतराल असलेल्या अतिसंवाहक स्फटिकांच्या चुंबकीय गुणधर्मांपर्यंत, कसा येऊन पोहोचला हेही ध्यानात येते. या धाग्याच्या प्रत्येक गाठीशी एकच गोष्ट आढळते : हिशोबात न बसणारी, हाती उरलेली लहानशी बाकी. तिची दखल कोणी घेतली आणि कोणी घेतली नाही, यावर या इतिहासाची वळणे ठरलेली आहेत.

२. दोन ग्रहणे

१८६८ च्या ग्रहणाची छाया एडनकडून अरबी समुद्र ओलांडून याच किनाऱ्यावरून दख्खनात शिरली आणि पूर्व किनाऱ्यावर मच्छलीपट्टणकडे बाहेर पडली. या पट्ट्यात निरीक्षकांची पथके ठिकठिकाणी बसली होती. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल होते. विजापुरास कॅप्टन हेग. गुंटुरास मेजर टेनंट व फ्रेंच ज्योतिर्विद जान्सन. मच्छलीपट्टणास मद्रास वेधशाळेचे पॉगसन. वर्णपटदर्शक हे उपकरण त्या वेळी नवे होते, आणि ग्रहणकाळी सूर्याच्या कडेवर दिसणाऱ्या तेजःशृंगांकडे ते वळविण्याची ही पहिलीच मोठी संधी होती. तेजःशृंगांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या. अर्थात ती शृंगे तप्त वायूंची आहेत हे सिद्ध झाले. जान्सन यांनी तर दुसऱ्याच दिवशी, ग्रहण नसतानाही, त्या रेषा पाहण्याची रीत साधली.

लॉकियर त्या दिवशी इंग्लंडमध्ये होते. ग्रहणाविना तेजःशृंगे पाहण्याची कल्पना त्यांनी स्वतंत्रपणे योजिली होती, परंतु त्यांचे उपकरण वेळेवर तयार झाले नाही. २० ऑक्टोबर १८६८ रोजी ते यशस्वी झाले. त्यांचे आणि जान्सन यांचे वृत्त पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी आले, व फ्रेंच सरकारने पुढे दोघांच्या प्रतिमा असलेले एक पदक काढले. यावरून १८६८ साली लॉकियर विजयदुर्गास होते, हे विधान टिकत नाही.

मग ओटे कोणाचे? याचे उत्तर दुसऱ्या ग्रहणात सापडते. २२ जानेवारी १८९८ रोजी पुन्हा खग्रास ग्रहणाची छाया कोकणात उतरली. या वेळी सर नॉर्मन लॉकियर खरोखरच विजयदुर्गास आले होते. ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी त्यांच्या मदतीस होते. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटांची होती. आणि लॉकियर, कॅप्टन चिझम-बॅटन व प्राध्यापक पेडलर यांच्या नावे विझियाद्रुग येथील निरीक्षणांचा अहवाल रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगामवाला यांनी जेऊर येथे आपले पथक नेले होते. तेव्हा ‘साहेब’ खरा, किल्ला खरा, ग्रहणही खरे. फक्त वर्ष तीस वर्षांनी मागे गेले. ज्या घटनेमुळे साहेब पुढे प्रसिद्ध झाला, त्या घटनेकडे लोकस्मृतीने त्याला नेऊन बसविले. मौखिक परंपरेत असे होणे नवीन नाही. मोठ्या नावाभोवती धाकट्या घटना गोळा होतात, हा पोवाड्यांच्या व बखरींच्या अभ्यासकांचा नित्याचा अनुभव आहे.

आता त्या रेषेकडे वळावयाचे. तेजःशृंगांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा होती. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा, ज्यांना डी-रेषा म्हणत, सर्वांस परिचित होत्या; नवी रेषाही तेथेच, असे बहुतेकांनी मानले. जमखंडीच्या हर्शेल यांनीही, आपल्या उपकरणाच्या मर्यादेत, ती डी-रेषाच होय असा निर्वाळा दिला. येथे एक योगायोग नोंदण्यासारखा आहे. या लेफ्टनंटाचे वडील सर जॉन हर्शेल यांनी १८३० साली प्रसिद्ध केलेल्या वैज्ञानिक पद्धतीवरील ग्रंथात ‘शेष घटने’चे तत्त्व सांगितले होते. ज्ञात कारणांचे परिणाम वजा केल्यावर जे उरते, त्यातच नव्या शोधाचे बीज असते, असा त्याचा आशय होता. पित्याने सांगितलेला शेष पुत्राच्या दृष्टीसमोर आकाशात उजळला आणि निसटला. यात त्यांना दोष देता येत नाही. ढगांनी त्या दिवशी त्यांना पुरते पाहू दिले नाही, आणि उपकरणाची क्षमता किती याची कबुलीही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदविली.

मच्छलीपट्टणच्या पॉगसन यांना ही रेषा डी-रेषेशी नेमकी जुळत नाही असा संशय आला. लॉकियर यांनी ग्रहणाची घाई नसताना, शांतपणे मोजून तो संशय निश्चित केला. सोडियमच्या रेषा ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटरवर पडतात. ही रेषा ५८७.६ वर पडते. अंतर दीड-दोन नॅनोमीटरचे. पण ते शून्य नव्हते. तिला ‘डी-तीन’ असे नाव मिळाले. पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात द्रव्यापासून ती प्रयोगशाळेत काढता येईना, तेव्हा सूर्यावर एखादे अज्ञात मूलद्रव्य असावे असा तर्क करण्यात आला.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास ही रीत अपरिचित वाटणार नाही. ग्रिमच्या ध्वनिनियमास अपवाद म्हणून उरलेल्या शब्दांचा गट कार्ल व्हर्नर यांनी बाजूस सारला नाही. प्राचीन स्वराघाताचा, म्हणजे वैदिक उच्चारात जपल्या गेलेल्या आघाताचा, आधार घेऊन १८७७ साली त्यांनी त्या अपवादांचाच नियम सांगितला. एकाच दशकाच्या आसपास दोन दूरच्या शास्त्रांत हाच न्याय लागू पडला.

३. नाव आणि वस्तू

नव्या मूलद्रव्यास सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून हेलियम हे नाव देण्यात आले, आणि १८७१ साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन, यांनी ते ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात जाहीरपणे उच्चारले. या नावाचा प्रत्यय बोलका आहे. ‘इयम’ हा सोडियम, पोटॅशियम यांसारख्या धातूंच्या नावांत रूढ झालेला प्रत्यय होय. सूर्यावरील द्रव्य धातू असावे अशा समजुतीने तो लावला गेला. १८९५ साली विल्यम रॅमसे यांनी क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून हेलियम वायू मिळविला, तेव्हा तो धातू नसून अर्गॉनच्या कुळातील निष्क्रिय वायू ठरला. अर्गॉन, निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन या भावंडांची नावे एका वळणाची. हेलियमचे मात्र निराळे. शोधाच्या पहिल्या घटकेचा गैरसमज त्या शब्दात आजवर जिवंत राहिला आहे. लॉकियर १८९८ साली विजयदुर्गास आले, तेव्हा हेलियम पृथ्वीवर हाती येऊन तीन वर्षे झाली होती.

४. शैत्य आणि चुंबक

हेलियम हा द्रवरूप करण्यास सर्वांत कठीण वायू. १० जुलै १९०८ रोजी हॉलंडमधील लायडन येथे हाइके कामरलिंग ऑनेस यांनी तो द्रवरूप केला. सामान्य दाबाखाली तो ४.२ केल्विनला, म्हणजे शून्याखाली सुमारे २६९ अंश सेल्सियसला उकळतो. या शैत्याने एक नवे जग उघडले. १९११ साली पाऱ्याचा विद्युत्‌रोध सुमारे ४.२ केल्विनपाशी एकाएकी नाहीसा होतो असे ऑनेस यांच्या प्रयोगशाळेत दिसून आले. या अवस्थेस मराठीत अतिसंवाहकता ही संज्ञा रूढ आहे.

ही संज्ञा विजेच्या वहनावरून आलेली असली तरी या अवस्थेचे खरे लक्षण चुंबकीय आहे. १९३३ साली वाल्थर माइस्नर आणि रॉबर्ट ऑक्सनफेल्ड यांनी असे दाखविले की, चुंबकीय क्षेत्रात ठेवलेला अतिसंवाहक थंड होताना आपल्या अंतर्भागातून ते क्षेत्र बाहेर हाकलतो. नुसता रोध शून्य असता तर आत अडकलेले क्षेत्र आतच राहिले असते. क्षेत्र बाहेर काढणे हा पूर्ण प्रतिचुंबकत्वाचा गुण होय. म्हणून एखादा नमुना अतिसंवाहक आहे की नाही, आणि त्याचा किती भाग तसा आहे, हे चुंबकीय मापनाने ठरविता येते.

शिसे, पारा यांसारखे धातू एका मर्यादेपर्यंत क्षेत्र पूर्णपणे बाहेर ठेवतात आणि ती मर्यादा ओलांडताच अतिसंवाहकता सोडून देतात. दुसऱ्या वर्गातील पदार्थ मधला मार्ग स्वीकारतात. ॲलेक्सी अब्रिकोसोव्ह यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या सिद्धांतानुसार अशा पदार्थात क्षेत्र बारीक बारीक नळ्यांच्या रूपाने शिरते. प्रत्येक नळीभोवती विद्युत्‌प्रवाह भोवऱ्यासारखा फिरतो, आणि प्रत्येक भोवऱ्यातून जाणारा चुंबकीय प्रवाह सर्वत्र समान व अविभाज्य असतो. क्षेत्र वाढत गेले की भोवऱ्यांची गर्दी वाढते. त्यांचे गाभे एकमेकांस भिडले म्हणजे अतिसंवाहकता संपते. या क्षेत्रास ऊर्ध्व क्रांतिक क्षेत्र म्हणतात.

५. एक अंतराल की दोन?

त्याच १९५७ साली बार्डीन, कूपर व श्रीफर यांनी अतिसंवाहकतेची उपपत्ती मांडली. इलेक्ट्रॉन जोडीजोडीने बांधले जातात आणि जोडी फोडण्यास काही किमान ऊर्जा द्यावी लागते. या किमान ऊर्जेसच ऊर्जा-अंतराल म्हणतात. उपपत्तीच्या सोप्या रूपात धातूतील सर्व इलेक्ट्रॉनांना एकच अंतराल गृहीत धरलेला होता.

धातू मात्र इतके एकजिनसी नसतात. कित्येक धातूंत इलेक्ट्रॉनांचे दोन किंवा अधिक गट, त्यांस पट्ट म्हणतात, शेजारी शेजारी नांदत असतात. सूल, मॅथायस व वॉकर यांनी, तसेच सोव्हिएत संघात मोस्कालेन्को यांनी, १९५९ साली असे प्रतिपादन केले की प्रत्येक पट्टाला आपापला अंतराल असू शकेल. दोन गटांत देवघेव असल्यामुळे संक्रमण तापमान दोघांचे एकच राहील; परंतु एकाची बांधणी घट्ट आणि दुसऱ्याची सैल असेल. एका छपराखाली दोन चुली, असा हा प्रकार होय. पुढील चार दशकांत या सिद्धांतास अनुकूल अशा काही खुणा मिळाल्या. सर्वांची खात्री पटेल असा पदार्थ मात्र फार उशिरा हाती आला.

तो पदार्थ तरी दुर्मिळ होता काय? मॅग्नेशियम डायबोराइड हे संयुग १९५० च्या दशकापासून रसायनशास्त्रज्ञांस ठाऊक होते. १९५७ साली त्याची विशिष्ट उष्णता कमी तापमानांत मोजलीही गेली होती. परंतु ३९ केल्विनजवळ त्यात काही घडते, हे कोणाच्या ध्यानी आले नाही. जपानमधील जुन आकिमित्सू यांच्या गटाने २००१ साली त्याची अतिसंवाहकता जाहीर केली. ज्या ‘नेचर’ साप्ताहिकात हा शोध प्रसिद्ध झाला त्याची स्थापना १८६९ साली लॉकियर यांनीच केली होती. या संयुगात दोन अंतराल स्पष्ट आढळले : एक सुमारे ७ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टचा आणि दुसरा त्याच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याचा. निरीक्षण हाती असूनही बाकी न पाहिल्याचे हे उदाहरण जमखंडीच्या रेषेची आठवण करून देते.

६. कुलाबा

आता मुंबईकडे वळले पाहिजे. चुंबकीय मापनाचा कुलाब्याशी असलेला संबंध जुना आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली तेथे वेधशाळा बांधली आणि १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित नोंद सुरू झाली. या वेधशाळेच्या प्रमुखपदाची धुरा काही काळ बाळशास्त्री जांभेकरांकडे होती. १८३२ साली ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री हे देवगड तालुक्यातीलच पोंभुर्ल्याचे. पत्रकार म्हणून ते मराठी वाचकांस परिचित आहेत. चुंबकीय वेधांशी त्यांचा आलेला संबंध क्वचितच आठवला जातो. १८४६ साली, ऐन उमेदीत, त्यांचे निधन झाले.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहामुळे सूक्ष्म चुंबकीय नोंदी बिघडतील हे ओळखून १९०४ साली ते काम अलिबागेस हलविण्यात आले. या प्रसंगातून शेषाच्या विचाराची दुसरी बाजू दिसते. मापनात उरणारी प्रत्येक बाकी शोधाचे बीज नसते. काही बाक्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रामच्याही असतात. दोहोंतला भेद करणे हेच निरीक्षकाचे कसब होय.

याच कुलाब्यात १९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या वास्तूचे उद्‌घाटन झाले. तेथे १९९० च्या दशकाच्या आरंभी विरल मृत्तिका मूलद्रव्ये, निकेल आणि बोरॉन यांच्या संयुगांचा अभ्यास चालू होता. यिट्रियम, निकेल व बोरॉन यांच्या १ : ४ : १ या प्रमाणातील एका नमुन्यात सुमारे १२ केल्विनला अतिसंवाहकतेची अंधुक खूण दिसली. चुंबकीय मापनावरून नमुन्याचा अत्यल्प अंशच अतिसंवाहक आहे असे निष्पन्न होत होते. निकेल हा जात्या चुंबकीय धातू, आणि चुंबकत्व हे सामान्यतः अतिसंवाहकतेचे वैरी. तेव्हा निकेलबहुल संयुगात ही खूण अनपेक्षितच होती. ती अशुद्धीची म्हणून सोडून देणे सोपे होते. अशा खुणा प्रयोगशाळांत नेहमी दिसतात आणि बहुतेक वेळा त्यांतून काहीही निघत नाही.

आर. नागराजन, चंदन मजुमदार, झाकीर हुसेन, एस. के. धर, एल. सी. गुप्ता आदी संशोधकांनी ती सोडली नाही. १९९३ साली त्यांनी ही अल्प खूण प्रसिद्ध केली. अतिसंवाहक अंश जर मुख्य संयुगाचा नसेल, तर नमुन्यात दडलेल्या दुसऱ्याच कोणत्या तरी संयुगाचा असला पाहिजे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. कार्बन हा चौथा घटक मिसळल्यावर त्याचे उत्तर मिळाले : संपूर्ण नमुना अतिसंवाहक झाला. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेचे बी. डी. पाडलिया आणि फ्रान्सचे गोदार हेही सहभागी असलेला हा निबंध जानेवारी १९९४ मध्ये अमेरिकेतील ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

श्रेयाची वाटणी येथेही काळजीपूर्वक केली पाहिजे. त्याच महिन्यात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या रॉबर्ट कावा आणि सहकाऱ्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. यिट्रियम, निकेल, बोरॉन व कार्बन यांचे १ : २ : २ : १ हे नेमके प्रमाण आणि त्या कुळाची स्फटिकरचना त्यांनी निश्चित केली, निकेलऐवजी पॅलेडियम घेतलेल्या नमुन्यात त्यांना २३ केल्विनपर्यंत अतिसंवाहकता आढळली. पहिली खूण ओळखणे आणि कार्बनाचे कार्य दाखविणे हे मुंबईचे. रचना उलगडणे व कुळाचा विस्तार करणे हे मुख्यतः बेल प्रयोगशाळेचे. सर्व श्रेय एकाच ओट्यावर नेऊन ठेवण्याचा मोह विजयदुर्गापुरता मर्यादित नाही. म्हणूनच ही विभागणी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे.

७. चुंबकीय साक्ष

या बोरोकार्बाइड कुळाने चुंबकत्व आणि अतिसंवाहकता यांच्या सहवासाची एक प्रयोगशाळाच उभी केली. त्याचे स्फटिक चतुष्कोणी. विरल मृत्तिका व कार्बन यांचे थर आणि निकेल-बोरॉनचे थर एकाआड एक. यिट्रियम किंवा ल्युटेशियम असता चुंबकत्व नसते आणि संक्रमण तापमान १५–१६ केल्विनच्या आसपास राहते. होल्मियम घातल्यास सुमारे ८ केल्विनला अतिसंवाहकता येते आणि ५–६ केल्विनच्या सुमारास होल्मियमचे अणुचुंबक विशिष्ट क्रमाने उभे राहू लागतात. त्या वेळी अतिसंवाहकता जवळजवळ मावळते आणि क्रम पूर्णपणे प्रतिलोहचुंबकीय झाल्यावर पुन्हा सावरते. डिस्प्रोशियमच्या बाबतीत तर चुंबकीय क्रम आधी, सुमारे १० केल्विनला येतो व अतिसंवाहकता त्यानंतर ६ केल्विनला येते. एर्बियमच्या स्फटिकात सुमारे २.३ केल्विनखाली क्षीण लोहचुंबकत्वही अतिसंवाहकतेसह नांदते. परस्परविरोधी मानलेल्या दोन वृत्ती एका घरात राहू शकतात, हे या कुळाने दाखविले.

दोन अंतरालांचा प्रश्नही येथे चुंबकाच्या साहाय्यानेच पुढे आला. तापमान उतरत जाते तसे ऊर्ध्व क्रांतिक क्षेत्र वाढते. एकाच अंतरालाच्या सोप्या हिशोबाने संक्रमण तापमानाजवळ ही वाढ सरळ रेषेत व्हावयास हवी. यिट्रियम आणि ल्युटेशियम यांच्या शुद्ध बोरोकार्बाइडांत तेथे आलेख वरच्या अंगास वाकलेला आढळला. हा बाक लहान होता, परंतु मोजमापाच्या चुकीने समजावता येत नव्हता. १९९८ साली शुल्गा व सहकाऱ्यांनी निरनिराळ्या वेगाचे व निरनिराळ्या बांधणीचे दोन इलेक्ट्रॉनगट गृहीत धरून त्याचा उलगडा केला. मॅग्नेशियम डायबोराइडच्या शोधाला त्या वेळी तीन वर्षे अवकाश होता.

यामागील कारण भोवऱ्यांच्या गाभ्यात शोधावे लागते. अंतराल जितका लहान, तितका त्या गटापुरता भोवऱ्याचा गाभा मोठा. मोठे गाभे लवकर एकमेकांस भिडतात. त्यामुळे लहान अंतरालाच्या इलेक्ट्रॉनांची अतिसंवाहकता माफक क्षेत्रातच क्षीण होते, आणि मोठ्या अंतरालाचे इलेक्ट्रॉन प्रबळ क्षेत्रापर्यंत तग धरतात. दोन गट निराळे ओळखावयाचे तर त्यांच्यावर क्षेत्राचा ताण द्यावा, म्हणजे सैल बांधणीचा गट आधी सुटेल.

नेमका हाच ताण देणारा प्रयोग पुन्हा कुलाब्यात झाला. मुखोपाध्याय, शीत, रायचौधुरी आणि जपानचे ताकेया यांनी २००५ साली यिट्रियम निकेल बोरोकार्बाइडच्या एकल स्फटिकाला बारीक धातूचे टोक टेकवून, निरनिराळ्या दिशांनी प्रवाह सोडून, चुंबकीय क्षेत्रात अंतराल मोजला. २.२ केल्विन तापमानास स्फटिकाच्या ‘अ’ अक्षाच्या दिशेने मोजलेला अंतराल क्षेत्राबरोबर सरळ रेषेत घटत जाऊन सुमारे ३.२५ टेस्लाला शून्य झाला. वस्तुतः त्या तापमानाचे ऊर्ध्व क्रांतिक क्षेत्र सुमारे ६ टेस्ला होते. म्हणजे स्फटिक एकंदरीने अतिसंवाहक असताना इलेक्ट्रॉनांचा एक गट त्यातून आधीच बाहेर पडला होता. ‘क’ अक्षाच्या दिशेने मोजलेला अंतराल क्षेत्राबरोबर फारसा घटला नाही. निराळ्या पट्टांचे निराळे अंतराल, हे या वर्तनाचे एक सुसंगत स्पष्टीकरण होते. एकाच अंतरालाचे मूल्य दिशेनुसार पराकोटीचे बदलते, असा पक्षही या पदार्थाबाबत मांडला गेला आहे, आणि दोन्ही पक्षांना आधार देणारे पुरावे आहेत.

मॅग्नेशियम डायबोराइडच्या एकल स्फटिकांनी हीच साक्ष अधिक ठळकपणे दिली. थरांना समांतर असलेले ऊर्ध्व क्रांतिक क्षेत्र थरांना लंब असलेल्या क्षेत्राच्या अतिनीच तापमानात सुमारे पाचपट असते. संक्रमण तापमानाजवळ हे प्रमाण दोन-तीनपटींवर येते. एक-अंतराल सिद्धांताच्या सोप्या रूपात ते स्थिर राहावयास हवे होते. शिवाय क्षेत्र वाढविले असता भोवऱ्यांची षट्कोनी जाळी तीस अंशांनी फिरते, असेही न्यूट्रॉनांच्या प्रयोगांत आढळून आले. दुर्बल क्षेत्रात एक गट जाळीची दिशा ठरवितो व प्रबळ क्षेत्रात दुसरा, असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

८. उपसंहार

वरील इतिहासात पिवळी रेषा दीड-दोन नॅनोमीटरने सरकलेली होती. कुलाब्याचा नमुना अत्यल्प अंशाने अतिसंवाहक होता. क्रांतिक क्षेत्राचा आलेख थोडासा वाकला होता. प्रत्येक वेळी ज्ञात गोष्टींचा हिशोब पुरा होऊन काहीतरी उरले होते. ते उरलेले नोंदविणारा, मोजणारा आणि ते ट्रामचे की निसर्गाचे हे तपासणारा निरीक्षक जेथे भेटला तेथे शास्त्र पुढे गेले. न भेटल्यास पन्नास वर्षे थांबले.

हीच कसोटी आख्यायिकेसही लावली पाहिजे. ‘१८६८ साली विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला’ या वाक्यातून ज्ञात वृत्त वजा केले असता जे उरते ते १८९८ चे ग्रहण होय, आणि ते उपेक्षणीय नाही. ज्या पुरुषाने डी-तीन रेषेचे वेगळेपण सिद्ध केले, तो आपल्या यंत्रांसह या किल्ल्यावर उतरला होता. त्याने येथून केलेल्या कामाचा छापील अहवाल आहे. गावाने त्याची आठवण सव्वाशे वर्षे जपली आहे. किल्ल्यावरील पाटीवर हे वर्ष दुरुस्त करून लिहिल्यास विजयदुर्गचे महत्त्व घटण्याचे कारण नाही, कारण खरे श्रेय पुराव्यास भीत नाही. १८ ऑगस्टच्या दिवशी तेथे जमणाऱ्या शाळकरी मुलांस २२ जानेवारी १८९८ ची हकीकतही सांगावी, आणि त्याच तालुक्यातील पोंभुर्ल्याचा एक तरुण शास्त्री कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय नोंदींचे काम पाहत होता, हेही त्यांस सांगावे.